तडा गेलेले इंजिन आणि दुरुस्तीचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु दुरुस्ती हा जितका यंत्रशास्त्राचा विषय आहे, तितकाच तो हिशेबाचाही आहे. मोडलेली वस्तू दुरुस्त करावी की टाकून द्यावी, हा प्रश्न प्रत्येक घरात पडतो. आणि त्याचे उत्तर बहुधा घाईने, कोणाच्या तरी सांगण्यावरून दिले जाते.

दिवाळीच्या सुट्टीत मी इंदुरास मामांकडे गेलो होतो. त्यांच्या जुन्या येझदी मोटारसायकलच्या इंजिनला तडा गेला होता. योगायोग असा, की त्याच आठवड्यात शेजारी राहणाऱ्या दूधवाल्याच्या 100 सीसी मोटारसायकललाही तोच आजार झाला. दोन्ही गाड्या एकाच गॅरेजात गेल्या आणि दोन्हींचे निदान तेथल्या मिस्त्रींनी अस्सल इंदुरी हिंदीत एकाच वाक्यात केले, "भिया, चेंबर फट गया." निदान एकच, पण उपाय मात्र अगदी निरनिराळे निघाले. एकाचे काम एका दिवसात, इंजिन न उघडता झाले. दुसऱ्याचे इंजिन पूर्ण खोलावे लागले. असे का झाले, हे समजून घेताना जे कळले, ते येथे सांगतो.

‘ब्लॉक’ कोणता आणि ‘चेंबर’ कोणते?

मोटारगाडीच्या इंजिनात तीन-चार सिलिंडर एकाच जड ओतीव तुकड्यात बसवलेले असतात. त्या तुकड्याला इंजिन ब्लॉक म्हणतात. लहान मोटारसायकलमध्ये असा एकसंध ब्लॉक नसतो. तेथे मुख्य भाग तीन: सर्वांत वर हेड, मध्ये पंख्यांसारख्या पट्ट्या असलेला सिलिंडर आणि खाली क्रॅंककेस. गॅरेजात सिलिंडरलाच ‘ब्लॉक’ म्हणतात आणि क्रॅंककेसला ‘चेंबर’. चेंबर हे दोन अर्ध्या भागांचे, डबीसारखे मिटणारे असते. त्यातच क्रॅंक फिरते आणि बहुतेक गाड्यांत गिअरही त्यातच असतात.

हेड आणि चेंबर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. सिलिंडर जुन्या गाड्यांत बिडाचा असे. पुढे ॲल्युमिनियमच्या सिलिंडरात बिडाचे नळकांडे, म्हणजे लायनर, बसवण्याची पद्धत रूढ झाली. सिलिंडरची एखादी पट्टी तुटली तर गाडी थोडी अधिक तापेल, इतकेच. सिलिंडरला आतून चीर पडली तर नवा लायनर बसवता येतो किंवा सिलिंडरच बदलता येतो. खरा पेच पडतो तो चेंबरला तडा गेल्यावर.

हा तडा जातो कशाने? चालत्या गाडीची चेन तुटली, की ती पुढच्या दातेरी चक्राभोवती गोळा होते आणि आतून घणासारखी चेंबरवर आदळते. दूधवाल्याच्या गाडीचे हेच झाले. खड्ड्यातला दगड चेंबरच्या तळाला लागतो. तेल बदलताना खालचा बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला, की त्याच्याभोवती भेग पडते. इंजिन चौकटीला जखडणारे बोल्ट ढिले राहिले, तर कंपनाने चेंबरचे कान तडकतात. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसेच हे. मामांच्या गाडीचा एक बोल्ट किती दिवस ढिला होता, कोण जाणे. तडा त्या कानापासून निघून चेंबरच्या तळातून बेअरिंगच्या दिशेने गेला होता.

जागा महत्त्वाची

तडा लांबीने केवढा आहे यापेक्षा तो कोठे आहे, हे अधिक महत्त्वाचे. मला वाटते, या विषयातली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे.

दूधवाल्याची गाडी चतुर्घाती, म्हणजे फोर-स्ट्रोक. तिच्या चेंबरात केवळ तेल असते. चेनच्या चक्रामागच्या भिंतीला रुपयाएवढे भोक पडले होते. त्या भिंतीवर कोणताही भार नव्हता. बेअरिंग दूर होते, बोल्टचा कान दूर होता. तिचे काम फक्त तेल आत आणि धूळ बाहेर ठेवण्याचे. भार नसलेल्या अशा जागी इपॉक्सी चालते. मिस्त्रींनी भोकाच्या कडा पॉलिश कागदाने घासून खरखरीत केल्या, तेलाचा अंश राहू नये म्हणून थिनरने दोन-तीनदा पुसल्या, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा तुकडा आकाराप्रमाणे कापला आणि धातूसाठीच्या दोन नळ्यांच्या इपॉक्सीने तो बसवला. रात्रभर वाळू दिला. दुसऱ्या दिवशी तेल भरून गाडी दिली. "रोज सकाळी तेल बघायचे," एवढी अट घातली. मी परत निघेपर्यंत तेथून एक थेंब ठिबकला नव्हता. दूधवाल्याचा एकच दिवस बुडाला. त्या दिवशी त्याने भावाच्या सायकलवरून रतीब घातला.

मामांची येझदी द्विघाती, म्हणजे टू-स्ट्रोक. द्विघाती इंजिनात चेंबरचा क्रॅंककडील भाग ही नुसती पेटी नव्हे, तो एक पंप आहे. पिस्टन वर गेला, की पेट्रोल आणि हवेचे मिश्रण प्रथम चेंबरात ओढले जाते. पिस्टन खाली येताना ते तेथे दाबले जाते आणि मग बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरात जाते. म्हणजे पिस्टनच्या प्रत्येक फेरीत चेंबरात एकदा ओढ आणि एकदा दाब निर्माण होतो. तेथे चीर असेल, तर ओढीच्या वेळी बाहेरची हवा आत शिरते. मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होते. इंजिन मोकळे सोडले तरी भरभर पळते, फार तापते, प्लग पांढुरका पडतो. आणि असेच चालवत राहिले तर पिस्टन सिलिंडरात चिकटून बसतो. दाबाच्या वेळी थोडे मिश्रण बाहेर येते. गाडीखाली दिसणारी काळपट ओल तीच.

अशा जागी इपॉक्सीचा भरवसा धरता येत नाही. तेथे पेट्रोलचा स्पर्श आहे, उष्णता आहे, मिनिटाला हजारो वेळा दाबाचा चढउतार आहे. आणि इपॉक्सीचा कपचा सुटून आत पडला तर तो सरळ क्रॅंकमध्ये जाणार. शिवाय तडा बेअरिंगकडे निघाला होता. तेव्हा वेल्डिंग हाच मार्ग उरला.

म्हैसूरची गाडी

येथे कोणी विचारील, की नवे चेंबरच का घेतले नाही? त्याचे उत्तर आपल्या नियतकालिकाच्या कानडी विभागातील मित्रांच्या जिव्हाळ्याचे आहे. येझदी ही म्हैसूरची. 1929 मध्ये प्रागमध्ये स्थापन झालेल्या जावा कंपनीच्या मोटारसायकली आयडियल जावा हा म्हैसूरचा कारखाना 1961 पासून बनवू लागला. पुढे त्याच वळणाच्या गाड्या येझदी या नावाने निघू लागल्या. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. तेव्हापासून जुन्या गाडीचे अस्सल सुटे भाग म्हणजे कोणाच्या तरी माळ्यावर पडलेला शिल्लक माल किंवा मोडीत काढलेल्या गाडीचे अवयव. गंमत अशी, की 2018 मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आले, तेव्हा त्या गाड्या तयार झाल्या त्या इंदूरजवळच्या पिथमपूर येथे. 1980 च्या दशकात जेथे कायनेटिक होंडा स्कूटर बनू लागली, तेच हे पिथमपूर. परंतु नव्या जावाचे इंजिन अगदी वेगळे, चतुर्घाती आहे. तिचे चेंबर जुन्या येझदीला बसत नाही. नाव परत आले. सुटा भाग परत आला नाही.

मोडीतले चेंबर घ्यावे, तर तेथे दोन अडचणी. पहिली यंत्राची: चेंबरचे दोन्ही अर्धे भाग कारखान्यात बहुधा जोडीने कातलेले असतात. एका गाडीचा डावा आणि दुसरीचा उजवा भाग जोडला, तर बेअरिंगची घरे एका रेषेत येतील याची खात्री नसते. दुसरी अडचण कायद्याची: लहान मोटारसायकलींत इंजिन क्रमांक बहुधा चेंबरवरच ठोकलेला असतो. चेंबर बदलले, की कागदावरचे इंजिन आणि गाडीवरचे इंजिन निरनिराळे झाले. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलल्यास ते नोंदणी अधिकाऱ्याला कळवून नोंदणीपत्रात दुरुस्ती करून घ्यावी लागते. खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती 5 वर्षांसाठी वाढवून मिळते. अशा तपासणीत क्रमांक जुळला नाही तर काय होईल, हे सांगायला नको. आणि मोडीतल्या चेंबरवर ज्या गाडीचा क्रमांक आहे, ती गाडी चोरीची निघाली तर? चार पैसे वाचवायला जावे आणि पोलीस चौकीची पायरी चढावी लागावी, असा तो व्यवहार. म्हणून आहे तेच चेंबर वाचवणे मामांना श्रेयस्कर वाटले.

वेल्डिंगच्या आधी

लोखंडाचे फाटक वेल्डिंग करणारा कारागीर चेंबरही करील, असे आपल्याला वाटते. परंतु ॲल्युमिनियमची रीत निराळी आहे. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळते. सिलिकॉन मिसळलेला ओतकामाचा मिश्रधातू तर 600 अंशांच्या आतच वितळू लागतो. परंतु हवा लागताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा जो पातळ पापुद्रा धरतो, त्याचा द्रवणांक 2000 अंशांहून अधिक आहे. म्हणजे आतला धातू पाणी झाला तरी वरची साय तशीच. ती फुटल्याशिवाय जोड एकजीव होत नाही. लोखंड तापताना लाल होऊन इशारा देते. ॲल्युमिनियम रंग न बदलता एकाएकी ढासळते. ते लोखंडाच्या सुमारे तिप्पट वेगाने उष्णता पसरवते आणि तापल्यावर जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून एकाच जागी तापवले, तर जोड थंड होताना आकसतो आणि शेजारी नवी चीर पडते.

हे काम सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात झाले. तेथे आरगॉन वेल्डिंगची सोय होती. मी दोन दिवस तेथे बसून पाहिले. मला सर्वांत नवल याचे वाटले, की प्रत्यक्ष वेल्डिंगला अर्धा तासही लागला नाही. बाकीचा सगळा वेळ त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामात गेला.

प्रथम चेंबर पूर्ण रिकामे केले. बेअरिंगे, रबरी सील, बुशे, सर्व काढले. नंतर धुणे. जुना ओतीव धातू सूक्ष्म छिद्रांत वर्षानुवर्षे तेल पिऊन बसलेला असतो. ते तेल राहिले, तर वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचा वायू होतो आणि जोडात जिलेबीसारखी पोकळी राहते. म्हणून धुऊन, थोडे तापवून, बाहेर आलेले तेल पुसून, पुन्हा धुऊन असे तीनदा केले. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे: क्लोरीनयुक्त द्रावकाने धुतलेला भाग वेल्डिंगच्या ज्योतीखाली आणला, तर अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो. म्हणून काय वापरले आहे हे माहीत हवे आणि भाग पूर्ण कोरडा हवा.

मग तडा शोधणे. डोळ्यांना दिसतो तेवढाच तडा नसतो. त्यासाठी त्या कारागिराने केलेला उपाय आपल्या प्रयोगशाळेत शोभेल असा होता. तड्यावर रॉकेल लावले, थोडा वेळ थांबून कोरड्या फडक्याने पुसून घेतले आणि वर खडूची बारीक पूड पसरली. चिरेत मुरलेले रॉकेल हळूहळू पुडीत चढले आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटली. डोळ्यांना दोन इंच दिसणारा तडा तीन इंचांच्या जवळपास निघाला! कानडीत तड्याला ‘बिरुकु’ म्हणतात, आपण भेग, चीर म्हणतो, इंदुरात दरार म्हणतात. नाव कोणतेही घ्या, तिचे खरे टोक सापडल्याखेरीज औषध लागू पडत नाही. दोन्ही खऱ्या टोकांना सुमारे 3 मिलिमीटरची लहान भोके पाडली. टोकदार चिरेच्या अग्राशी सगळा ताण एकवटतो आणि ती पुढे सरकते. गोल भोकाशी तो ताण विभागला जातो आणि चीर तेथे थांबते. नंतर तड्याच्या बाजूने इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच केली, म्हणजे जोड वरवर न राहता तळापर्यंत पोचावा.

वेल्डिंग आणि त्यानंतर

चेंबरचे दोन्ही भाग बोल्टने एका जाड लोखंडी पट्टीवर आवळले, म्हणजे तापल्यावर वाकू नयेत. मग संपूर्ण भाग सारखा, साधारण 150 ते 200 अंशांपर्यंत तापवला. तापमान दाखवणारा खडू नसेल, तर काही जुने कारागीर साबणाची रेघ ओढतात; ती काळी पडू लागली, की धातू बराच तापला असे समजतात आणि ज्योत मागे घेतात.

आरगॉन हा आळशी वायू. हवेत तो 1 टक्क्याहूनही थोडा कमी असतो आणि सहसा कोणाशी संयोग पावत नाही. वेल्डिंगच्या वेळी त्याचे पांघरूण वितळलेल्या धातूवर घातले, की हवेतला प्राणवायू तेथे पोचत नाही आणि नवा पापुद्रा धरत नाही. जुना पापुद्रा फोडण्याचे काम विजेचा उलटसुलट प्रवाह करतो. जोडासाठी वापरलेल्या सळईत ॲल्युमिनियमबरोबर सुमारे 5 टक्के सिलिकॉन होते. त्यामुळे जोड थंड होताना तडकण्याची भीती कमी होते. एकदम सलग न जोडता थोडा थोडा भाग जोडला. काम झाल्यावर चेंबर राखेत पुरून ठेवले आणि सकाळपर्यंत हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणी. दोन्ही भाग जेथे मिटतात, ती कड सपाट काचेवर एमरी कागद ठेवून घासली; उंचवटा कोठे आहे ते लगेच दिसते. बेअरिंगची घरे मापून पाहिली, दोन्ही भाग जोडून आतला दांडा सहज फिरतो का हे पाहिले. शेवटी चेंबरची तोंडे बंद करून आत अगदी हलका हवेचा दाब दिला आणि जोडावर साबणाचे पाणी लावले. बुडबुडा आला नाही. इंजिन क्रमांकाच्या जागेला ग्राइंडर लागू नये म्हणून त्यांनी आधीच तेथे पत्रा बांधला होता, हेही नमूद केले पाहिजे.

आता हिशेब

आपल्या शाखेत बुडीत खर्चाची कल्पना शिकवतात: झालेला खर्च परत येत नसेल, तर पुढचा निर्णय घेताना तो मोजू नये. मामांनी गाडी केवढ्याला घेतली, तिच्यावर किती खर्च केला, हे प्रश्न म्हणूनच गैरलागू. पुढे किती लागेल आणि पुढे काय मिळेल, एवढेच पाहायचे.

अशा दुरुस्तीत दोन खर्च असतात: इंजिन खोलून पुन्हा बांधण्याची मजुरी आणि वेल्डिंगची मजुरी. उदाहरणासाठी समजा, खोलण्या-बांधण्याचे 4000 रुपये. घाईच्या वेल्डिंगचे 800 आणि नीट वेल्डिंगचे 2500. घाईचे काम एकूण 4800 ला पडेल, नीट काम 6500 ला. वरवर पाहता 1700 रुपये वाचले. परंतु समजा, घाईचे वेल्डिंग दोनांतून एकदा फसते आणि नीट केलेले दहांतून एकदा. फसल्यावर इंजिन पुन्हा खोलायचे, पुन्हा बांधायचे, आणि या वेळी नीट वेल्डिंग करायचे. म्हणजे आणखी 6500. घाईच्या कामाचा सरासरी खर्च 4800 अधिक 3250, म्हणजे 8050 झाला. नीट कामाचा 6500 अधिक 650, म्हणजे 7150. गाडी उभी राहिल्याने बुडालेले दिवस यात धरलेलेच नाहीत. वेल्डिंग फसल्याचा खरा दंड वेल्डिंगचा नसतो, तो खोलण्या-बांधण्याचा असतो. म्हणून या कामात काटकसर करायचीच असेल, तर ती वेल्डिंगमध्ये करू नये.

हाच हिशेब दूधवाल्याच्या बाबतीत उलटा निघतो. तेथे इंजिन खोलायचेच नव्हते. इपॉक्सीचा थर उद्या सुटला, तरी पुन्हा लावायला एक दिवस आणि थोडे पैसे. ज्याची रोजची मिळकत गाडीवर अवलंबून आहे, त्याच्या भार नसलेल्या भोकासाठी इंजिन खोलायला सांगणे हा शहाणपणा झाला नसता. स्वस्त उपाय म्हणजे वाईट उपाय नव्हे. जागा चुकली तरच तो वाईट.

गिऱ्हाइकाला वेल्डिंग यावे अशी अपेक्षा नाही. परंतु तीन प्रश्न विचारता आले पाहिजेत. तडा ज्या भिंतीला आहे, ती भिंत काय पेलते? तड्याचे टोक कोठे आहे, आणि ते कसे शोधले? जोड झाल्यावर तो तपासणार कसा? ज्या कारागिराजवळ या तिन्हींची उत्तरे आहेत, त्याच्या हाती चेंबर निर्धास्त द्यावे. ज्याच्याजवळ नाहीत, त्याने भाव कितीही कमी सांगितला, तरी तो महागच पडेल.